गाऱ्हाणं संपेपर्यंत

मुलीला अकरावीत असताना मधुमेह निघाला. गोळ्यांचा नव्हे, इन्सुलिनचा. तेव्हापासून प्रवासात आमचा एकच नियम: ताट समोर आलं की मगच इंजेक्शन, कारण ते घेतल्यावर जेवण लांबलं तर साखर उतरते. हॉटेलातली ‘पाच मिनिटं’ कुणाच्या बापाची नसतात, असं ती हसून म्हणायची. तो नियम मी मोडायला लावला. हे आजवर मी कुणाशी बोललो नाही.

आम्ही कोल्हापुराहून आचऱ्याला गेलो होतो, तिच्यासाठी स्थळ बघायला. मुलाच्या काकांनी रस्त्याला लागून खानावळ काढली होती आणि ती त्याच दिवशी सुरू होणार होती. “घराकडे कित्याक? थंयच जेवूक येवा,” हा मुलाच्या आईचा आग्रह. मधुमेहाचं आम्ही त्यांना कळवलं नव्हतं. “आधी मुलगी बघू देत, मग सांगू,” असं बायको म्हणाली होती. मी काहीच म्हणालो नव्हतो. गप्प राहिलं की आपण त्यात नाही, असं मला नेहमीच वाटत आलंय.

गाडी उभी केली तेव्हा तळलेल्या मासळीचा वास बाहेरपर्यंत येत होता. आत केळीची पानं मांडलेली दिसली.

“इथेच घेऊन टाक,” मी मुलीला म्हणालो. “आत सगळ्यांसमोर नको.”

“ताट कुठाय, बाबा?”

“अगं, वाढायलाच घेतलंय.”

तिने माझ्याकडे बघितलं आणि घेतलं. पर्सही मी गाडीतच ठेवायला लावली, इंजेक्शनचं पेन कुणाला दिसू नये म्हणून. तिच्या ग्लुकोजच्या गोळ्या त्याच पर्समध्ये असतात. हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

पानांवर फक्त मीठ आणि लोणचं होतं. गाऱ्हाणं व्हायचं होतं. मी याच मुलखातला. नवं काही सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय इथे कुणी घास उचलत नाही, हे मला का कुणी सांगायला हवं होतं? गाऱ्हाणं घालणारे आजोबा अजून यायचे होते, मुलगा त्यांना आणायला गेला होता. “वायच बसा, येतहत,” काका म्हणाले. आम्ही बसलो. मुलाची आई मुलीला नोकरीचं विचारत होती. मुलगी नीट उत्तरं देत होती, मग थांबून थांबून द्यायला लागली.

आजोबा आले. देवाच्या तसबिरीपुढे नारळ, विडा, गूळखोबऱ्याची ताटली. सगळे हात जोडून उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान आज नवो धंदो सुरू केल्यान हा, तेका यश दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मुलीच्या वरच्या ओठावर घाम आला होता. पंखा तर डोक्यावरच होता. बायकोने मला कोपराने ढोसलं. गाडीची चावी माझ्या खिशात होती. मी ती मुठीत धरली. आता संपेल, म्हटलं. आजोबांनी पूर्वज घेतले, गावची शीव घेतली, येणारी-जाणारी गिऱ्हाइकं घेतली.

“कोणाची नजर लागली आसात तर ती दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मीही म्हणालो. मोठ्याने. चावी हाताला रुतत होती आणि मी सगळ्यांबरोबर व्हय म्हाराजा म्हणत होतो.

मुलीची बोटं थरथरायला लागली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पुढे होऊन देवापुढच्या ताटलीतला गूळ उचलला आणि तोंडात टाकला. पुन्हा उचलला.

गाऱ्हाणं थांबलं.

“गो बाय, देवाच्या आधी?” मुलाची आई म्हणाली.

तेव्हा तरी मी बोलायचं. मी हसलो. “सकाळपासून उपाशी आहे हो, भूक आवरली नाही,” म्हणालो. लहान पोरीबद्दल बोलावं तसं.

मुलीने भिंतीला हात टेकून तोंडातला गूळ गिळला. “मला डायबेटिस आहे,” ती म्हणाली. “गाडीत इन्सुलिन घेतलं होतं. साखर उतरली. बाबांना ठाऊक आहे.”

मुलाच्या आईनेच तिला धरून बसवलं, आणखी गूळ दिला, वर पाणी. आजोबा म्हणाले, “खाव दी तेका. देव खंय पळान जाता?” मग त्या बाई माझ्याकडे वळल्या. “तुमी तरी सांगूक होया होता. आमी काय खातलंव तुमका?”

जेवण झालं. काय जेवलो, आठवत नाही. ‘कळवतो,’ असं दोन्ही बाजूंनी झालं.

परतताना तळेऱ्याच्या हॉटेलात थांबलो. मुलीने वेटरला सांगितलं, “आधी ताट आणा.” ताट आलं. तिने पर्समधून पेन काढून टेबलावर ठेवलं, सगळ्यांच्या देखत कुडत्याचं टोक वर केलं. शेजारच्या टेबलावरची माणसं जेवायची थांबली, आणि माझा हात आपोआप मेन्यूकार्डाकडे गेला. मी ते तिच्यापुढे आडवं धरलं.

तिने सुई टोचून घेतली. मग एका बोटाने कार्ड खाली दाबलं.

“ठेवा खाली, बाबा. जेवू या.”