साळूबाईची मुलाखत

सोळा वर्षांच्या पंकजाला बघायला पाहुणे टेम्पोतून आले आणि पोहे संपायच्या आत तोच टेम्पो घेऊन पंकजा खर्ड्यातून पसार झाली. तिला चालवायला येत नव्हतं असं नाही, थांबवायला येत नव्हतं. जामखेडच्या अलीकडे ते काम एका बाभळीने केलं. पाहुण्यांनी लग्नाचं बोलणं सोडून चोरीची तक्रार दिली आणि पोरगी नगरला मुलींच्या रिमांड होममध्ये आली.

तिथे तिचा भलताच रुबाब. मोबाईल चोरून आलेल्या पोरी तिला 'ड्रायव्हरसाहेब' म्हणायच्या, आपल्या वाटणीचा शिरा द्यायच्या. फक्त रविवारी साहेबांचं तोंड उतरायचं. रविवारी मुलाखत असे. बाकीच्यांच्या आया यायच्या. पंकजाची आई साळूबाई दोन रविवार फिरकलीच नव्हती. "माझी आई लई कामात असती," असं ठसक्यात सांगून पंकजा न्हाणीत जाऊन रडून यायची. आईने आपल्याला टाकलं, हे तिच्या मनाने घेतलं होतं.

तिसऱ्या रविवारी साळूबाई आली. ठेवणीतली साडी, तेलाने चापून बसवलेले केस आणि हातात फाईल. अधीक्षिका रेश्मा मॅडमपुढे ती ताठ उभी राहिली. लेकीकडे बघेचना.

"बसा की," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई, उभीच बरी. इचारा. आधार हाय, रेशनकार्ड हाय, वळन चांगलं असल्याचा सरपंचाचा दाखला बी हाय."

"कशाला हे सगळं?"

"मुलाखत हाय म्हनलात न्हवं फोनवर? दोन आठवडं पाठ करतीया. मी तिसरी शिकल्याली. नापास झाले तर पोरगी देनार न्हाई तुमी, ह्या भ्यानं आले न्हाई."

इथे भेटीलाच मुलाखत म्हणतात, हे त्या माउलीला कुणी सांगितलंच नव्हतं. मॅडमनी पदर तोंडाला लावला. हसू पंकजालाही आलं, पण तिने ते दाबलं. ती मॅडमच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिली.

"नाव सांगा," तिने दरडावलं.

"साळूबाई."

"पोरी किती?"

"येकच."

"तिनं टेम्पो पळिवला. तरी पायजे?"

साळूबाईने फाईल टेबलावर ठेवली. "ह्ये पाठ केलं न्हवतं," ती पुटपुटली आणि पहिल्यांदा लेकीकडे बघितलं.

"पायजे. पर फुडल्या टायमाला मलाबी टेम्पोत बसीव."