पडलो नाय, टेकलो

बसमध्ये कंडक्टर म्हणून नोकरी केली ती सगळी डहाणू, कासा, तलासरी याच पट्ट्यात. तोंडाला लगाम तेव्हाही नव्हता, आताही नाही. म्हातारी माणसं गाडी थांबायच्या आत उठून दाराशी आली की मी हमखास ओरडायचो, "अहो, गाव काय पळून चाललंय का?" बायको म्हणते, तू प्रवाशांवर ओरडून ओरडून घरच्यांवर ओरडायला शिकलास. असेलही. पण माझा राग बहुतेक वेळा भीतीतून येतो, हे तिलाही ठाऊक आहे. आणि गेल्या काही वर्षांत मी सगळ्यात जास्त ओरडलो असेन तर माझ्या बापावर.

आमच्याकडे बापाला अहोजाहो नसतं, तेव्हा इथंही मी अरेतुरेच लिहिणार. बाबा ताडी काढायचा. रानशेतच्या आमच्या पाड्याभोवती ताडाची झाडं होती, त्यातली बरीच त्याच्या हातातली. खोडाला खाचा पाडलेला बांबू बांधायचा, पायात दोरीचं कडं अडकवायचं, कमरेला कोयता आणि मडकं लावायचं आणि सरसर वर जायचं. वर फुलोरा छाटून भरलेलं मडकं सोडायचं, रिकामं बांधायचं. हे त्याने गुडघे नको म्हणेपर्यंत केलं. आता वय किती विचारलं तर म्हणतो, "मला काय ठाऊक, जन्मलो तेव्हा मी लहान होतो."

झाडं सुटली, पण त्याचं एक सुटलं नाही. आठवड्याच्या बाजाराला एकट्याने जीपने कासाला जायचं. बाजारातून काही आणायचं असतं म्हणून नव्हे. तिथं एका सलूनमध्ये तो दाढी करतो, शेजारच्या टपरीवर चहा पितो आणि त्याच्यासारखेच दोन-तीन जुने ताडीवाले बाकावर बसलेले असतात, त्यांच्यात जाऊन बसतो. काय बोलतात कोण जाणे. मी एकदा मुद्दाम जवळ उभा राहिलो होतो, तर निम्मा वेळ ते नुसते बसलेले. पण त्या दिवशी बाबा सकाळपासून वेगळा असतो. धुतलेला सदरा मागतो, टोपी झटकतो, चहा घाईत पितो. त्याच्यासाठी सगळा आठवडा त्या एका दिवसाकडे चाललेला असतो, आणि तो दिवस कुणी काढून घेतला तर तो खचेल, हे मला दिसत होतं. म्हणूनच त्याच्या एकट्याने जाण्याबद्दल मी आधी बरेच दिवस गप्प राहिलो.

मी निवृत्त झालो, मसोलीची भाड्याची खोली सोडली आणि आम्ही दोघं पाड्यावर राहायला आलो. जुन्या घरात शेणाने सारवलेली जमीन होती. नवं घर बांधलं तेव्हा लादी बसवली, पांढरी, चकचकीत, तोंड दिसेल अशी. सगळ्यांनाच हौस होती. बाबा पहिल्या दिवशी त्या लादीवर उभा राहून म्हणाला, "झकास आहे, पण पाय धरत नाय." आम्ही हसलो.

मग एकदा त्याच्या पाठीला तेल लावताना मला उजव्या कमरेखाली काळानिळा डाग दिसला, हाताच्या पंजाएवढा. माझं डोकंच फिरलं. "हे काय?" तर म्हणाला, "लागलं कायतरी." मी त्याला उचलून डहाणूच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी डाग दाबून पाहिला, पाय वाकवून पाहिला आणि विचारलं, "बाबा, पडलात का कधी?"

"नाय."

"घरात? मोरीत? अंगणात?"

"नाय ओ बाई. मी कशाला पडू?"

"डोळ्यांनी नीट दिसतं ना?"

"ताडाच्या शेंड्यावरचं मडकं दिसतं मला."

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हा डाग पडल्याशिवाय होत नाही. या वयात एकदा खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो. लक्ष ठेवा." आता लक्ष तरी किती ठेवणार? बाप खोटं बोलतोय असं मला वाटलं, आणि वाटेत मी त्याला नको नको ते बोललो. तो खिडकीबाहेर बघत बसला. आयुष्यात कुणाला खोटं न सांगितलेला माणूस, म्हातारपणी लहान पोरासारखा लपवायला लागला, याचं मला फार वाईट वाटलं.

कोडं सोडवलं बायकोने. ती तलासरीकडची, तिच्या माहेरची बोली निम्मी गुजराती. लग्न होऊन आली तेव्हा आमचे शब्द तिला अडायचे, म्हणून तिला शब्द नीट ऐकायची सवय लागली ती कायमची. एक दिवस कपडे वाळत घालताना तिने बाबाला कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी बोलताना ऐकलं. आत येऊन मला म्हणाली, "तुमच्यात 'टेकलो' म्हणजे काय रे?"

"बसलो. जरा विसावलो. का?"

"बाबा सांगत होते, परवा मोरीत टेकलो. मोरीत कोण विसावतं?"

मी तसाच उठून बाहेर गेलो. बाबा ओट्यावर दोरी वळत बसला होता. मी विचारलं, "बाबा, तू मोरीत पडलास?"

"पडलो नाय, टेकलो."

"म्हणजे खाली आपटलास ना?"

"हां. मग उठलो."

"त्यालाच पडणं म्हणतात!"

त्याने दोरी बाजूला ठेवली आणि मला समजावलं, मी अजून शाळेत असल्यासारखं. ताडावर चढणारी माणसं स्वतःबद्दल 'पडलो' म्हणत नाहीत. पडला म्हणजे गेला. ताडावरून पडलेला माणूस सांगायला परत येत नाही. पाय निसटला, जमिनीला लागला आणि उठून चालायला लागला, तर तो टेकला. त्याचा एक जोडीदार तरुणपणीच पडला होता, खराखुरा. त्यानंतर बाबाने तो शब्द जिवंत माणसासाठी कधी वापरला नव्हता. "मी जिवंत आहे ना?" तो म्हणाला. "मग मी पडलो कसा?"

मी कपाळावर हात मारला. म्हणजे त्याच्या लेखी बाई विचारत होत्या, मेलात का कधी? आणि हा बिचारा खरं सांगत होता, नाही म्हणून.

पुढच्या खेपेला मी बाईंना म्हटलं, "तुम्ही पडलात का असं विचारू नका, टेकलात का असं विचारा." त्यांनी तसं विचारलं आणि बाबाची कळी खुलली. मोरीत टेकलो, ओट्याच्या पायरीवर टेकलो, विहिरीच्या वाटेवर टेकलो, सकाळी खाटेवरून उठताना तर पुष्कळदा टेकलो. बाई ऐकतच राहिल्या. मग त्यांनी विचारलं, उठताना गरगरतं का? "उठलो की काजवे दिसतात," बाबा म्हणाला, काजवे म्हणजे काही विशेष नाही अशा सुरात. त्यांनी त्याचं ब्लडप्रेशर झोपवून घेतलं, मग उभं करून घेतलं, आणि त्याची आधीपासून चालू असलेली रक्तदाबाची गोळी बदलली. सांगितलं, सकाळी खाटेच्या काठावर थोडं बसायचं, पाय हलवायचे, मग उठायचं.

घरी आलो आणि मी कामाला लागलो. मोरीत खडबडीत फरशी बसवली, पुढच्या खोलीत रबराची चटई टाकली. पायरी उंच होती, तिच्याखाली आणखी एक पायरी बांधून घेतली. त्याच्या घसरगुंडी झालेल्या जुन्या चपला चुलीत घातल्या, त्यावरून दोन दिवस बोलणं बंद होतं. काठी मात्र त्याने हातात धरली नाही. चांगली, खाली रबर लावलेली काठी मी डहाणूहून आणली होती. त्याने ती कोंबड्या हाकायला ठेवली.

"काठी म्हातारे धरतात," तो म्हणाला.

"आणि तू कोण?"

"मी बांबू धरतो."

आणि खरंच त्याने बांबू मागवले. घरापासून संडासापर्यंतच्या वाटेला त्याने खुंट ठोकून घेतले, ठोकणारा मी, आणि त्यावर आडवे बांबू स्वतःच्या हाताने बांधले. गाठी अशा, की मी सगळं अंग टाकून पाहिलं तरी हलेनात. झाडावर एक हात कायम बांबूला असायचा, तसा आता जमिनीवर. त्या कठड्याला धरून तो चालायला लागल्यावर मला रात्री जरा झोप लागायला लागली.

घरातलं असं मार्गी लागलं, पण कासाचं काय? तिथं तर कठडा नाही. जीपला लोंबकळणारी माणसं, चढायला उंच पायरी, बाजारात ढकलाढकली. मी फर्मान काढलं, एकट्याने जायचं नाही. बाबा भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बसला. बाजाराच्या दिवशी ओट्यावर, तोंड रस्त्याकडे. दाढी वाढली. मी वस्तरा घेऊन गेलो तर म्हणाला, "राहू दे, कोण बघतंय." जेवण कमी झालं, बांबू धरून संडासापर्यंत जायचा कंटाळा करायला लागला. मी त्याला सोबत घेऊन कासाला गेलो, तर मित्रांच्या बाकावर माझ्यासाठी जागा करावी लागली आणि कुणी काही बोललं नाही. परतताना बाबा म्हणाला, "तू होतास ना, म्हणून." डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, बसून राहिल्याने पायातलं बळ जातं, मग माणूस जास्तच पडतो. आता करायचं काय? सोडला तरी पडणार, बसवला तरी पडणार. बायको म्हणाली, "निदान जाऊन तरी पडू दे." मी तिच्यावर ओरडलो, आणि पुढच्या बाजाराला बाबाला जाऊ दिलं. बटणाचा साधा फोन त्याच्या खिशात घातला आणि हिरवं बटण दाबलं की मी, एवढं शिकवलं.

काही आठवडे बरे गेले. पुन्हा टोपी झटकणं, घाईचा चहा. बाजाराच्या दिवशी माझा जीव टांगणीला असायचा, पण तोंड मिटून होतो. मग एक दिवस ऐन जेवायच्या वेळी फोन वाजला. पलीकडे बाजाराचा गोंगाट, आणि बाबाचा आवाज. एकच शब्द.

"पडलो."

ताट तसंच टाकून मी मोटरसायकल काढली. कासापर्यंतचा रस्ता मला आजही आठवत नाही. तो सलूनच्या खुर्चीत बसलेला सापडला, अर्ध्या तोंडाला साबण, सदरा मासळीच्या पाण्याने भिजलेला, उजवं मनगट सुजलेलं. मासळीवाल्या बसतात तिथं ओल्या फरशीवर पाय निसटला होता, आणि लोकांनी उचलून त्याला इथं आणून बसवलं होतं. दाढी करणारा माणूस उरलेल्या अर्ध्या तोंडाची दाढी करून द्यायच्या बेतात होता, बाबाच म्हणे त्याला सांगत होता. दवाखान्यात नेलं. मनगटाच्या हाडाला चीर गेली होती, खुबा शाबूत होता. प्लॅस्टर झालं. मग बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो, चहा घेऊन.

"तो शब्द कशाला बोललास?" मी म्हणालो. "माझा जीव गेला होता."

"टेकलो म्हणालो असतो तर आला असतास?"

"आलो असतो."

"जेवून," तो म्हणाला.

खरंच होतं ते.

"आता ऐक," तो म्हणाला. "तू आता मला कोंडणार. ठाऊक आहे मला. पण कोंडलंस ना, तर पुढच्या वेळी मी काहीच सांगणार नाय. डाग दिसेल तेव्हा दिसेल."

ही धमकी नव्हती. तो शांतपणे सांगत होता, जीप किती वाजता सुटते ते सांगावं तसं. आणि मला कळलं की हा इतके दिवस माझ्यापासून काय काय लपवत आला असेल ते माझ्याच भीतीने. डॉक्टरबाई, खडबडीत फरशी, गोळ्या, सगळं ठीक. पण ह्याने सांगितलंच नाही तर मी कुठली फरशी बदलणार?

"प्लॅस्टर निघू दे," मी म्हणालो. "तोवर धरायला एकच हात आहे तुला. निघालं की जा."

"एकटा?"

"एकटा."

त्याने मान पूर्ण वळवली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, मी खरं बोलतोय की वेळ मारून नेतोय ते. मग उरलेला चहा संपवला, कप खाली ठेवला.

"तर मग सांगतो," तो म्हणाला. "उजव्या डोळ्यानं मला दिसत नाय. पावसाळ्यापासनं."

मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो होतो. उठलो, आणि डावीकडे जाऊन बसलो.