सुबोधची हरकत नव्हती

माझा धाकटा भाऊ सुबोध दिंडोशीला राहतो, अंधेरीच्या एका कंपनीत प्रोग्रामर आहे आणि गेली सहा वर्षं एका फुकटच्या कामात गळ्यापर्यंत अडकलेला आहे. ते काम काय, हे मी मुलुंडहून येऊन चार वेळा समजून घेतलं. ईमेल कशी कुठल्याही कंपनीची कुठल्याही कंपनीला जाते, तसेच मोबाइलवरचे मेसेजही जावेत. नियम सगळ्यांना खुले, मालक कुणीच नाही. जगभरची पाचपन्नास माणसं आपापली नोकरी सांभाळून हे करतात. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर मेसेज पोचवणारा कोड सुबोधच्या ताब्यात आहे. कौतुकाचीच गोष्ट आहे, नाही कशी! पण मालक नसला तरी राबणारा गडी लागतोच, आणि तो नेमका आमच्याच घरात निघाला.

हे त्याच्या गळ्यात पडलं कसं, तेही ऐका. त्या लोकांत मतदान नसतं. सगळ्यांना एक मेल टाकायची; चौदा दिवसांत कुणी हरकत घेतली नाही की मंजूर. आधीचा माणूस कंटाळून गेला, तेव्हा कुणीतरी सुबोधचं नाव सुचवलं. सुबोध तेव्हा गणपतीला गावी, देवगडजवळ. आमच्या वाडीत रेंज नाही, त्यासाठी डोंगरावरच्या माळावर, सड्यावर चढावं लागतं, आणि गणपतीत आरत्या-भजनं सोडून सड्यावर कोण जातो? पंधरा दिवसांनी हा परतला, तर अभिनंदनाच्या तीस मेल येऊन पडलेल्या.

त्यानंतर त्याने गणपतीला गावी जाणंच सोडलं. रेंज नाही तिथे जायची त्याला धास्ती बसली. "ताई, मी नसताना कोडमध्ये भोक सापडलं तर वाट लागेल गं. लोकांचे खासगी मेसेज उघडे पडतील. कोण बघणार?" मी म्हणायचे, "जग तुझ्या जन्माआधी चालत नव्हतं का रे?" तो चिडायचा आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घालायचा.

तिकडे बाबांचे गुडघे गेले. गिरणीतली नोकरी सुटल्यावर ते गावी गेले ते कायमचेच. सुबोध एकुलता एक मुलगा. बाबांच्या मागे गणपतीची पूजा त्याचीच, हे लहानपणापासून ठरलेलं. गेल्या वर्षी चुलतभाऊ बाळाने बाबांना दोन्ही खांद्यांना धरून पाटावर बसवलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं. मी सुबोधला फोनवर वाट्टेल ते बोलले. तेव्हा त्याने शब्द दिला की पुढच्या वर्षी काहीही होवो, पूजेला मीच बसेन.

त्यासाठी काम कुणाच्या तरी हाती द्यायला हवं होतं. जूनमध्ये मरोळ गावठाणातली जेनेव्हिव्ह आपणहून पुढे आली. हुशार मुलगी, दोन वर्षं त्याच कोडवर काम केलेली. सुटला एकदाचा, असं मला वाटलं. पण हा पठ्ठ्या तिच्या प्रत्येक बदलात चुका काढत बसला. एका बदलावर एक्केचाळीस शेरे! शेवटी माझ्यादेखत त्याची बायको अपूर्वा भडकली. "सहा वर्षं रडतोयस ना, मला सोडवा म्हणून? आता सोडवणारी आलीय तर तिची परीक्षा घेतोयस! तुला सुटायचंच नाहीये रे."

सुबोधने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "तिने माझ्यापेक्षा चांगलं केलं तर? मग मी सहा वर्षं गावाला गेलो नाही, ते कशासाठी?"

मला राग यायला हवा होता. उलट कीवच आली. मी नुसतं म्हटलं, "मेल टाक."

त्याने टाकली. मी बाजूला होतोय, जेनेव्हिव्ह सांभाळेल, कुणाची हरकत? रोज उघडून बघायचा. कुणीतरी "नको जाऊस" म्हणेल, असं त्याला आतून वाटत होतं, हे मला त्याच्या तोंडावरून कळायचं. चौदा दिवस झाले. एकानेही चकार शब्द काढला नाही.

पंधराव्या दिवशी मी आणि अपूर्वा शेजारी असतानाच त्याने स्पीकरवर गावाला फोन लावला. आमच्या वाडीच्या नाक्यावरच्या दुकानात फोन आहे, संध्याकाळी बाबा तिथे बसलेले असतात. "बाबा, मी येतोय! चांगले दहा दिवस. लॅपटॉप आणतच नाही." इतका मोकळा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"ये मां," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "पूजेक बाळा बसतलो. यंदापासून त्येचाच ता. तुझी वाट किती बघूची, झिला? तू निवांत ये. तुका आता कायच करूचा नाय."

सुबोध "बरं" म्हणाला आणि त्याला रडू फुटलं.