रेघेवरची चळत

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी करमाडच्या आमच्या शाळेत, व्हरांड्यात उभा राहून सहावीच्या पोरांवर ओरडत होतो. फोनवर अक्का होती, माझी थोरली बहीण. ती रडत नव्हती. "दिलीप, हे गेले," एवढंच म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "घरी टेबलाला कुणाला हात लावू देऊ नको म्हणून सांगितलंय मी शेजारी." नवरा नुकताच गेलाय, बाई दवाखान्यात उभी आहे आणि तिला टेबल आठवतंय... दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. मला मात्र ती कशाबद्दल बोलतेय ते लगेच कळलं आणि पोरांच्या देखतच मला रडू फुटलं. त्या टेबलावर माझं आणि दाजींचं भांडण तसंच पडलेलं होतं. पुढच्या रविवारी मिटवू म्हणून आम्ही उठलो होतो.

दाजी बजाजनगरात राहायचे. वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये सगळी नोकरी झाली. तरुणपणी कंपनीनं त्यांना नवं मशीन शिकायला परदेशी पाठवलं होतं. बरोबरच्या लोकांनी येताना सेंटच्या बाटल्या आणल्या, चॉकलेटं आणली. दाजींनी एक भलामोठा खोका आणला. त्यात चादरीएवढा नकाशा, नकाशावर मधमाशांच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं, आणि पुठ्ठ्याच्या नखाएवढ्या चौकोनी सोंगट्या, शेकड्यांनी. एकेक सोंगटी म्हणजे एकेक पलटण. कुठल्यातरी बर्फाळ मुलखातली लढाई होती. आम्हा दोघांनी बर्फ पाहिलेला तो रसवंतीवरचा. "लोकं सेंट आणत्यात, ह्यांनी पुठ्ठा आणला," हे अक्कानं आल्यागेल्याला इतक्या वेळा ऐकवलं की दाजी तिच्या आधी स्वतःच सांगून टाकायला लागले. खेळायला दुसरा गडी पाहिजे, आणि बजाजनगरात असल्या पुठ्ठ्यापुढं अख्खा रविवार बसायला कोण मोकळा असणार? मेव्हणा सापडला. करमाडहून सबंध जालना रोड पार करून, पूर्वेकडून पश्चिमेला, गावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला मी दर रविवारी जायचो. सुरुवातीला अक्काच्या हातच्या जेवणासाठी, नंतर खरं सांगायचं तर दाजींना हरवायसाठी.

मी खेळायचो घाईत. सोंगटी ठेवायची, मग वाटलं की बोटानं हळूच पुढं सरकवायची. दाजींनी ते दोन-चारदा बघितलं आणि नियमच करून टाकला. हात उचलला की खेळी संपली. सोंगटी जिथं पडली तिथं पडली, आणि दुसऱ्याच्या सोंगटीला तर बोटही लावायचं नाही. "मास्तर, शाळेत पोरांना कॉपी करू देता का?" मी प्राथमिक शिक्षक, म्हणून त्यांनी मला जन्मभर मास्तरच म्हटलं. खेळापेक्षा जास्त जीव त्यांचा खेळाच्या सरंजामात. सोंगट्यांचे कोपरे दुमडू नयेत म्हणून एकेका सोंगटीचे चारही कोपरे नेलकटरनं गोल केले. कित्येक संध्याकाळी त्यात गेल्या. पहिली साठवण अक्काच्या मसाल्याच्या डब्यात झाली. ती सगळी फौज कित्येक वर्षं हळदीनं पिवळी होती. मग नटबोल्ट ठेवायचे खणांचे डबे आले. एक डाव महिनोन् महिने चालायचा, तेव्हा मांडलेला पट झाकायला त्यांनी अॅक्रिलिकची पेटी बनवली, दुकानातल्या काचेच्या शोकेससारखी. तिच्याखाली लढाई आठवडाभर थांबून राहायची आणि अक्का वरून फडकं मारायची.

रिटायर झाल्यावर थोड्याच दिवसांनी उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, कंपवात. आम्हाला कुणाला दाजींनी ते सांगितलं नाही. मला कळलं ते टेबलावर. एका रविवारी त्यांच्या हाताखाली माझ्या सोंगट्यांची अख्खी रांग विस्कटली. पुढच्या रविवारी गेलो तर त्यांच्या हातात चिमटा होता. "बोटं जाड झालीत," म्हणाले. काही दिवसांनी चिमट्याला पितळेची जड मूठ आली, कारण वजन असलं की हात कमी हलतो. मग पटावर आडवी ठेवायची लाकडी घोडी आली, मनगट टेकवायला. एकदा लोहचुंबक लावलेली काठी केली, सोंगट्यांना खालून पत्र्याचे तुकडे चिकटवले. त्या काठीनं एका पलटणीबरोबर शेजारच्या तिघी उचलून नेल्या, आणि अक्का पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. दाजीही हसले. पण हसताना त्यांनी हात टेबलाखाली घेतला होता. अक्कानं गोळ्यांचा सात खणांचा डबा आणून दिला तर त्यात यांची राखीव फौज, आणि गोळ्या सोंगट्यांच्या खणात. का, तर त्या डब्याची झाकणं अंगठ्यानं नीट उघडतात. त्या दिवशी ती खरोखरची भडकली.

एकदा मी म्हणून बसलो, "दाजी, तुम्ही नुसतं सांगा कुठं न्यायची, मी हलवतो की." त्यांचा चेहरा असा झाला की तो आठवायला मला अजून नको वाटतं. "तुम्ही हलवणार, तर मग मी काय करू? बघत बसू?" म्हणाले. मग पटाकडं बघत हळू म्हणाले, "मास्तर, घरात आता माझ्याशी कुणी भांडत नाय. मी काय बी म्हणलो की व्हय म्हणत्यात. पोरगी फोनवर व्हय म्हणती, हिचं तर भांडणच बंद झालं. तुम्ही तरी सोडू नका." त्यानंतर मी कधी सोडलं नाही. सोडावंसं फार वाटायचं. समोर चिमटा हेलकावे खात यायचा आणि मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचो. पण चुकीच्या घरात सोंगटी पडली तर चुकीच्याच घरात पडली, असं तोंडानं म्हणायचो. ते म्हणताना मला माझा राग यायचा... आणि दाजींचा चेहरा उजळायचा.

शेवटचा डाव दिवाळीनंतर मांडला. त्यांना तो संपवायचा होता, स्वतःच्या हातानं. तसं त्यांनी बोलून दाखवलं होतं, आणि दाजी असल्या गोष्टी बोलणारे नव्हते. उन्हाळा लागता लागता डाव शेवटच्या फेरीला आला, तो रविवार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यांची वेढ्यात सापडलेली एक तुकडी, एकावर एक ठेवलेल्या तीन सोंगट्यांची चळत, माझ्या दोन पलटणींच्या मधल्या बोळातून नदीवरच्या पुलाच्या घरात पोचायला हवी होती. पोचली तर दाजी जिंकले. नाही पोचली तर मी. सोंगट्या उडू नयेत म्हणून पंखा बंद केलेला, दार लावलेलं, अंगाला घामाच्या धारा. दाजींनी घोडी पटावर ठेवली, मनगट टेकवलं, डाव्या हातानं उजवा धरला आणि चिमट्यात चळत पकडली. चिमट्याची टोकं एकमेकांवर बारीक वाजत होती. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरनं शिट्टी दिली. दाजी दचकले, पण चळत सुटली नाही. त्यांनी ती होती तिथंच धरून ठेवली आणि डोळे मिटले. आत गॅस बंद केल्याचा आवाज आला. मान वर केली तर अक्का दारात उभी, हातात सांडशी तशीच.

मग तो हात निघाला. मी दाजींच्या हाताकडं बघायचं टाळत होतो आणि दुसरं काही दिसतही नव्हतं. माझ्या पहिल्या पलटणीला चळतीचा कोपरा घासला. पलटण जराशी फिरली, घराबाहेर गेली नाही. मधेच हाताला असा झटका आला की मला वाटलं, गेलं सगळं. दाजी थांबले. ओठ दाताखाली धरलेला. थरथर ओसरायची वाट बघायची, ती जराशी कमी झाली की तेवढ्यात थोडं पुढं सरकायचं, पुन्हा थांबायचं... असं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. माझं बोट आपसूक पुढं गेलं असावं, कारण अक्का दारातूनच "दिलीप!" म्हणून ओरडली. पुलाशी आल्यावर दाजींनी श्वास सोडला, चिमटा उघडला आणि हात उचलला.

"पोचली," ते म्हणाले. घामानं चष्मा नाकावर घसरला होता.

मी वाकून बघितलं. चळत बरोबर रेघेवर होती, आणि सोडताना विस्कटलेली. सगळ्यांत वरची सोंगटी पुलाच्या घरात, सगळ्यांत खालची मागच्या घरात, मधली दोन्हीकडं. इतक्या वर्षांत असला प्रसंग आला नव्हता. हात धड असताना कशाला येईल? म्हणून त्याचा नियमही नव्हता. क्षणभर माझ्या जिभेवर आलं होतं, पोचली म्हणून टाकावं. कुणाचं काय जाणार होतं? पण दाजी माझ्याकडं टक लावून बघत होते, आणि मला कळत होतं की मी आत्ता व्हय म्हणालो, तर व्हय म्हणणाऱ्यांत माझीही भर पडली.

"नाही पोचली," मी म्हणालो. "खालची मागं आहे. जमिनीवर पाय तिचे."

"हुकूम वरच्याचा चालतो, मास्तर! वरची पुलावर आहे."

"हुकूम चालून काय उपयोग? पाय मागंच!"

आणि आम्ही जे भांडलो! दाजींनी टेबलावर मूठ आपटली, मग चळत हलली का म्हणून दोघंही घाबरून खाली वाकून बघू लागलो. हलली नव्हती. पुन्हा भांडलो. आवाज ऐकून शेजारची बाई दारात येऊन गेली. शेवटी पेटी झाकली आणि पुढच्या रविवारी निकाल लावायचा ठरलं. मी चपला घालताना दाजी आतून ओरडले, "लबाडाची औलाद!" अक्कानं नंतर सांगितलं, त्या दुपारी ते दोन भाकरी जेवले आणि जेवताना सगळा वेळ मला शिव्या देत होते. तसं जेवण कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. गुरुवारी छातीत कफ दाटला, ताप चढला, आणि रविवार काही उजाडला नाही.

परवा अक्कानं मला बोलावून घेतलं. तिची मुलगी सुवर्णा पुण्याला असते, ती येत्या रविवारी गाडी घेऊन आईला न्यायला येणार. घर काही महिने बंद राहणार, आणि बंद घरात पुठ्ठ्याला वाळवी लागायला किती वेळ? तेव्हा पट आवरून, सोंगट्या खणांत घालून, डबे कपाटात ठेवायचे. अक्कानं दोन्ही फौजांचे डबे पुसून तयार ठेवले होते. आम्ही दोघांनी मिळून पेटी उचलली. चळत तिथंच होती, रेघेवर, वाकडी. माझी फौज मी भराभर गोळा केली. मग दाजींची राहिली. मी त्यांच्या सोंगटीला आजवर कधी हात लावला नव्हता. हात पुढं केला आणि मागं घेतला. लावला की झालं, मग कुठं पोचली आणि कुठं नाही, कुणालाच सांगता येणार नाही.

"जिंकलं कोण मग?" अक्कानं विचारलं.

दाजी जिंकले, एवढंच म्हणायचं होतं. अक्काला बरं वाटलं असतं, मलाही वाटलं असतं. पण आवाज निघाला तो त्या दिवशीसारखाच, चढा. "पोचली नाही. पाय मागं आहेत!"

मला वाटलं, आता अक्का रडणार, आणि मी आयुष्यातून उठणार. ती दाजींच्या खुर्चीवर बसली. पुढं वाकून तिनं चळतीकडं नीट बघितलं, अगदी नाक पटाला लागेल इतकं.

"लेकरू जन्माला येताना आधी काय येतं?" म्हणाली. "डोकं. डोकं आलं की बाई सुटली म्हणत्यात. पाय मागून येत्यात, त्याला कुणी इचारत नाय. वरची पुलावर हाये. पोचली."

"हे काय लेकरू आहे का, अक्का? फौज आहे ही."

"मी दारात उभी होते. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पोचली म्हणजे पोचली!"

"नाही पोचली!"

तिनं टेबलावर मूठ आपटली, आणि आम्ही दोघंही घाबरून खाली वाकलो. मग तिनं चळतीला धक्का न लावता पेटीची एक बाजू धरली आणि दुसरी मला धरायला लावली. पेटी पुन्हा पटावर बसली.

"सुवर्णीला फोन लाव," खुर्चीवरून न उठता अक्का म्हणाली. "म्हणावं, रविवारी गाडी आणू नको. आमचं मिटलं नाय अजून."