तिसरा नंबर

अक्षया रडत होती का, हा प्रश्न दमयंतीच्या डोक्यातून काही केल्या जाईना. रविवारी फोनवर बोलताना लेकीच्या मागे नळ चालू होता. "भांडी घासतेस का गं?" असं विचारलं, तर "हो, भांडी," म्हणाली. पण भांड्याला भांडं लागल्याचा आवाज एकदाही आला नाही. नुसतं पाणी.

दमयंती एवढ्याने धास्तावली, त्याला कारण होतं. जपानमध्ये, त्सुकुबाच्या शाळेत अक्षयाचं जपानी उच्चारात 'आकुशाया' झालं आणि पोरांनी त्याचं 'आकु' केलं. आकु म्हणजे दुष्ट. पोरगी घरी येऊन चकार शब्द काढायची नाही. शेवटी सातवीत वर्गशिक्षिकांचाच फोन आला. शाळेच्या संडासात पाण्याचा खोटा आवाज काढणारं एक बटण असतं, आतला आवाज बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मधल्या सुट्टीत तुमची मुलगी ते पुन्हापुन्हा दाबत असते, पोटाचं काही दुखणं आहे का? दुखणं पोटाचं नव्हतं, हे दमयंतीला फोन ठेवायच्या आधीच कळलं होतं.

आता तीच मुलगी इंग्लंडमधल्या एका आडगावच्या जिल्हा कौन्सिलच्या निवडणुकीला उभी होती.

तिकडे शिकायला जाऊन तिला अकरा वर्षं झाली होती. गावातल्या वाचनालयात नोकरी करायची. इस्पितळाकडे जाणारी बस बंद झाली, तेव्हा म्हाताऱ्या वाचकांच्या वतीने ती कौन्सिलच्या सभेत जाऊन चार वाक्यं बोलली आणि तिथल्या एका छोट्या गटाने तिलाच उभं केलं. भारतीय पासपोर्ट असला, कायमचं राहायची परवानगी असली, की तिथे उभं राहता येतं. दमयंतीला याचंच नवल वाटे. ती स्वतः पुण्यात राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. लग्नाआधी एकदा महापालिकेला मत दिलं, तेवढंच. पुढे नवऱ्याच्या, उदयच्या संशोधनापायी त्सुकुबाला आली, शाळा सुटल्यावर मुलं सांभाळायच्या केंद्रात नोकरीला लागली, कर भरला, कचरा वेगळा करायला शिकली. पण दर चार वर्षांनी उमेदवारांच्या कर्णे लावलेल्या गाड्या घरावरून जायच्या, त्या तिच्यासाठी नसायच्याच; परदेशी माणसाला तिथे मत नव्हतं.

खरी गोम वेगळीच होती. त्सुकुबातल्या एका संस्थेच्या ग्रंथालयात अक्षयाला जागा मिळत होती. सोमवारपर्यंत होकार-नकार कळवायचा होता. "हरले तर येते परत, आई," ती म्हणाली होती. "जिंकले तर कसं येणार? चार वर्षं असतात."

तेव्हापासून दमयंती देवापुढे दिवा लावताना काही मागतच नव्हती. मागायला गेली तर तोंडातून भलतंच निघायचं.

शुक्रवारी सकाळी उदयने अर्धी रजा टाकली होती. तिकडे मध्यरात्र उलटलेली, मतमोजणी चालू. तो लॅपटॉप उघडून बसला होता आणि दर पाच मिनिटांनी स्वतःशीच बोलत होता.

"दमू, बाजूच्या वॉर्डाचा लागला बघ निकाल! आता आपलाच."

"आपला कुठला? तुम्ही काय गेला होतात तिथे पत्रकं वाटायला?"

"नेलं असतंस तर वाटली असती. इथल्या उमेदवारांसारखे पांढरे हातमोजे घालून."

"लोकांनी दारातूनच पिटाळलं असतं."

"मग अक्षयाला नाही पिटाळलं कुणी?"

हे तो गमतीने म्हणाला, पण दमयंतीच्या हातातला चहा गार झाला. पिटाळलं असेल. एकाने तरी 'तुझ्या देशात जा' म्हटलं असेल. आणि ही कार्टी कमरेत वाकून, त्रास दिल्याबद्दल माफी मागून, पुढच्या दारी गेली असेल. कुठला देश, हे तरी तिला सांगता आलं असतं का?

साडेदहाला उदय कचऱ्याच्या पिशव्या घेऊन खाली गेला. दमयंतीने चष्मा लावला आणि आपल्या फोनवर कौन्सिलचं पान उघडलं. वॉर्डाचं नाव, खाली सात नावं, नावांपुढे मतं. पहिला कुणी म्हातारा, दुसरी एक बाई. अक्षया तिसरी.

तिसरी. म्हणजे गेली.

तिने आकडे पुन्हा वाचले. मग खुर्चीतून उठली आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत मागच्या खोलीत गेली. कपाटातून अक्षयाच्या अंथरुणाचा जाडजूड फुटॉन ओढून काढला, गॅलरीत नेला, कठड्यावर टाकला, चिमटे लावले. झटकून झटकून धूळ काढली. उन्हं चांगली पडली होती. नवी चादर घ्यावी लागेल. जुनीवर कार्टूनं आहेत. खोलीतली उदयची सायकल बाहेर काढायला हवी. तिच्या ओठांवर एक जुनं गाणं आलं होतं, तेही तिच्या लक्षात आलं नाही.

"हे काय? पाहुणे येतायत?" उदय दारात उभा होता.

"निकाल लागला. हरली." तिने तोंड पाडायचा प्रयत्न केला. "तिसरी आली."

उदय धावतच लॅपटॉपपाशी गेला.

"दमू, इकडे ये."

"काय झालं?"

"तीन जागा आहेत गं त्या वॉर्डात. पहिले तिघं निवडून येतात. फोनवर शेवटचा रकाना दिसलाच नसेल तुला, सरकवावा लागतो. हे बघ, नावापुढे काय लिहिलंय. इलेक्टेड!"

दमयंतीने बघितलं. पुण्यात तिने मत दिलं होतं, तेव्हा एका वॉर्डातून एकच जण यायचा. बाकीचे पडायचे. चौथ्या माणसापेक्षा अक्षयाला आठ मतं जास्त होती. आठ!

"निवडून आली आपली आकु!" उदय ओरडला. घरात तिला आकु म्हणायचं नाही हा नियम होता, तो त्याने मोडला. मग त्याने गॅलरीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा आवाज खाली आला. "तुला ती यायला हवी होती."

"तुम्हाला नको होती?"

"मला पण हवीय." तो लॅपटॉपकडेच बघत राहिला. "पण हरून नको."

फोन वाजला. अक्षयाचा मेसेज होता. रोमन लिपीत मराठी, शेवटी जपानी. आई, बाबा, झालं. खूप दमलेय, उद्या फोन करते. दाइजोबु.

म्हणजे सगळं ठीक आहे. या एका शब्दावर अकरा वर्षं निघाली होती. ताप आला तरी दाइजोबु, एका मुलाशी जमलेलं मोडलं तेव्हाही दाइजोबु.

"झोपू दे तिला," उदय म्हणाला. "तिकडे रात्रीचे तीन वाजत आलेत."

"कोण आहे तिच्याजवळ? सभेत कुणी लागट बोललं तर रात्री जेवायला कोण असणार आहे तिच्या समोर?"

"दमू, अगं निवडून आलीये ती! लोकांना हवी आहे."

"आठ लोकांना!"

तो हसला. ती हसली नाही. चार वर्षं. तिथली दारं, तिथल्या सभा आणि रात्री ते एकटं घर. ही येणार नाही, हे आता ठरलंच होतं. मग दर रविवारी इथे बसून तिच्या आवाजात काय काय ऐकू येतंय याचा अंदाज बांधत राहायचं?

"अहो, जूनमध्ये केंद्रात मुलं कमी असतात," ती एकदम म्हणाली.

"मग?"

"मग रजा मिळेल. तुम्हाला पिठलं-भात करता येतो."

उदय काही बोलायच्या आत तिने अक्षयाचं नाव शोधलं होतं. झोपली असेल तर उठेल. चिडेल, 'आई, वेळ काय झाली बघ' म्हणेल. म्हणू दे. अभिनंदन आधी करायचं, का 'मी येतेय' हे आधी सांगायचं, ते अजून ठरत नव्हतं. तिने फोन लावला.