कनातीपलीकडचा गोल

भोंगेनानांना हळू बोलता येत नसे. जेवताना त्यांनी मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन उठते, असं आम्ही गमतीनं म्हणत असू. एकदा एका मयताच्या घरी ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "माणूस भला, पण हात फार आखडता." ओट्यावर बसलेल्या सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. नानांनी जीभ चावली आणि पुढचा तासभर ते पागोट्याशी चाळा करत खाली पाहत बसले. शरम वाटली की ते पागोटं काढून मांडीवर घेत. पुढे पुढे ते मांडीवरच राहू लागलं.

आवाज हाच त्यांचा धंदा होता. धुळ्याच्या भुसार बाजारात ज्या शेठजींच्या आडतीवर मी जमाखर्च लिहीत असे, तिथेच नाना लिलाव पुकारत. ज्वारीचा किंवा बाजरीचा ढीग पडला, भोवती व्यापारी जमले, की नाना पालथ्या पाटीवर चढत आणि पहिल्या बोलीलाच असे ओरडत की जणू ढिगाला आग लागली आहे. मी एकदा विचारलं, "नाना, बोली तर आणा-दोन आण्यांनीच चढते. मग एवढा आरडाओरडा कशाला?" ते म्हणाले, "आवाज थंडा, तं भाव थंडा. पुकारणारा गप बसला की माल पडून राहतो, लक्षात ठेव." त्यांच्या धंद्यात हे खरंच होतं. हाच नियम त्यांनी मैदानावर नेला.

त्या काळी धुळ्यात हॉकीचं वेड होतं. पांझरेच्या काठच्या मैदानावर दरवर्षी धुळे आणि जळगाव यांच्यात ढालीचा सामना होई. त्या दिवशी तिकीट लावत आणि फुकट्यांना दिसू नये म्हणून मैदानाला कनात ताणत. तिकीट चार आणे. मी हिशेबी माणूस, चार आणे वाचवून कनातीमागे बसणाऱ्यांतला. आमच्यासारखे चार-पाचशे लोक तिथे उकिडवे बसलेले असत आणि आमच्यासाठी नाना एका बैलगाडीवर उभे राहत. घासलेटचा डबा कापून ठोकलेला एक पत्र्याचा भोंगा त्यांच्या तोंडाशी असे. कनातीवरून ते पाहत आणि आम्हाला सांगत. अहिराणीत, कारण बसलेल्यांत खेड्यांवरचे लोक जास्त. "चेंडू डावीकडे गया! आपला पोऱ्या धावना! बठ्ठा त्याना मांगे!" 'बठ्ठा' म्हणजे सगळे. आम्ही कापडाकडे पाहत टाळ्या वाजवायचो.

नानांना सगळं दिसत असे असं नाही. सामना संध्याकाळी, मैदानाची लांबी शंभर यार्ड, पश्चिमेकडच्या गोलाच्या मागे सूर्य आणि मध्ये धूळ. पण पुकारणाऱ्यानं गप्प बसायचं नाही. एकदा चेंडू बाभळीच्या झुडपात हरवला आणि दोन्ही संघ कमरेवर हात ठेवून उभे होते, तेवढ्या वेळात नानांनी आमच्याकडून दोन हल्ले चढवले. तिकीट काढून आत बसलेल्यांनी नंतर हे सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. नानाही हसले. "मग काय, तुम्हाला उगाच बसवून ठेवू?" म्हणाले.

सामना संपला की मैदानाबाहेरच्या चहाच्या दुकानात वाद सुरू होत. गोलकीनं पुढे धावून यावं की रेषेवर थांबावं, पंच आंधळा की लबाड, नाना खरं किती सांगतात, हे तीन वाद वर्षानुवर्षं त्याच बाकांवर चालत. पंच म्हणजे एक ड्रिलमास्तर होते, अत्यंत सरळ माणूस. पण हरलेल्या बाजूला ते लबाडच वाटत. सगळ्यात जोरानं वाद घालणारे आम्ही कनातीमागचे. ज्यांनी पाहिलं होतं ते चहा पिऊन घरी जात.

धुळ्याचा गोलकी सुकदेव हा आमच्याच आडतीवरचा मापाडी. नाना माल पुकारत आणि सुका तो तोलत असे. माप मोजताना 'एक' म्हणायच्या जागी 'लाभ' म्हणतात. सुकाचा तो 'लाभ' फार गोड लागे. पायांना बांधायचे पॅड त्याचे स्वतःचे शिवलेले, आत आमच्याच बाजारातला कापूस. नाना त्याला पोरासारखं मानत. "तराजूसमोर आणि गोलासमोर एकच काम," ते म्हणत, "हात हलला की मेलं."

मग ते वर्ष आलं. सामना एक-एक बरोबरीत होता आणि थोडीच मिनिटं उरली होती. सुका पश्चिमेच्या गोलात होता. भोंग्यातून नानांचा आवाज आला, "जळगाववाला ऊना! मारा त्यानी!" आणि लगेच, "अरे, सुकानी पाय उचला! वाट दिन्ही!" मग पंचाची शिट्टी झाली. नाना थांबले नाहीत. "गोल! नि दखा, दखा, सुका हसी राह्यना!"

धुळे हरलं. पाय उचलला, वाट दिली आणि वर हसतोय. कनातीमागे कुणीतरी म्हणालं, "जळगावकरांनी पैसे चारले." चहाच्या दुकानापर्यंत पोहोचेतो ते नक्की झालं होतं. मी तिथे होतो. कापडापलीकडचं काही न पाहिलेली माणसं "या डोळ्यांनी पाहिलं" म्हणून सांगत होती आणि एकही जण दुसऱ्याला अडवत नव्हता.

सुकाचं म्हणणं साधं होतं. गोलासमोर चुन्याचं अर्धवर्तुळ असतं. त्याच्या बाहेरून मारलेला चेंडू मध्ये कुणाच्या काठीला न लागता गोलात गेला, तर तो गोल नव्हे. अशा चेंडूला पाय लावायला जावं आणि तो उसळून समोरच्या गड्याच्या पुढ्यात पडावा, यापेक्षा सोडलेला बरा. "बाहेरून मारला होता. मी मुद्दाम सोडला," तो सांगत राहिला. दुकानातले म्हणाले, "आधी अडवायचा, मग भांडायचं." कुणी म्हणालं, "बाहेरून होता, तर हसलास का?" सुका म्हणाला, "मी हसलो नाही." यावर मात्र सगळे हसले.

गोलकीचं नाव गेलं तर पुढच्या वर्षी दुसरा गोलकी. पण सुका मापाडी होता, आणि मापाड्याजवळ नावाशिवाय दुसरं काही नसतं. पहिल्याच बाजाराला सोनगीरच्या एका शेतकऱ्यानं आपली बाजरी पलीकडच्या काट्यावर पुन्हा तोलून घेतली. वजन शेराशेराला जुळलं. तरी तो जाताना म्हणाला, "आज जुळनं." पुढच्या बाजाराला तिघांनी तसंच केलं. शेठजी मला आत बोलावून म्हणाले, "पोरगा चोख आहे, मला ठाऊक आहे. पण मापाड्यावर गिऱ्हाइकाचा भरवसा पाहिजे. माझा असून काय करू?"

नाना तेव्हा मला घेऊन ड्रिलमास्तरांकडे गेले. "तुम्ही पंच. चेंडू आतून मारला की बाहेरून, एवढं चारचौघांत सांगा," नाना म्हणाले. मास्तरांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "मी मागे राहून गेलो होतो, नाना. चेंडू कुठून सुटला ते मला नीट दिसलं नाही. शिट्टी तोंडात होती, वाजवावी की नाही ते ठरत नव्हतं. तेवढ्यात तुमचा भोंगा ऐकू आला, पाय उचलला, वाट दिली. मला वाटलं, गोलकी चुकला, म्हणजे गोल खराच. वाजवली. घरी आल्यावर सुकाचा निर्धास्त चेहरा आठवला. चेंडू बाहेरचाच असणार."

"म्हणजे तुम्ही माझ्या भरवशावर?" नाना म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी तुमच्या शिट्टीच्या भरवशावर. पाय उचललेला मी पाहिला. रेषा मला दिसली नाही. आणि हसू..." नाना अडखळले. "एवढ्या लांबून, सूर्यासमोर, कोणाचं हसू दिसतं मास्तर? ते मी माझ्या पदरचं घातलं."

मास्तरांनी आम्हाला पाणी दिलं. चारचौघांत सांगायला मात्र ते तयार झाले नाहीत. पंचानं निकाल फिरवला तर उद्या कोण मानील, म्हणाले. परत येताना नाना आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. इतकं हळू, की मला दोनदा विचारावं लागलं. ते म्हणत होते, "मी त्याले इकी टाकं रे." सुकानं सामना विकला नव्हता, आपण सुकाला विकला, असं त्यांना म्हणायचं होतं.

पुढच्या बाजाराला नाना पाटीवर चढले. ढीग तयार होता, व्यापारी उभे होते. बोली पुकारायच्या आधी त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं आणि सगळा बाजार ऐकेल अशा आवाजात म्हणाले, "आयका हो बठ्ठा. सुकानी काही इकं नही. चेंडू बाहेरतून मारेल व्हता. माले दिसनं नही, नि मी सांगी दिन्हं. मी चुकनू."

 मग मागून एक आवाज आला, "आते तुम्हनी कितला लिन्हात, नाना?" आता तुम्ही किती घेतलेत! सगळा बाजार हसला. एक व्यापारी म्हणाला, "चला नाना, ऊन चढतंय, बोली लावा." सुका तराजूपाशीच उभा होता. नानांनी बोली लावली. त्या दिवशी आवाज थंडा होता आणि भावही.

नंतर मला या गोष्टीचं फार नवल वाटलं. तोच माणूस, तोच आवाज. न पाहिलेलं सांगितलं ते चार-पाचशे लोकांनी जागच्या जागी मानलं. खरं सांगितलं ते एकानंही मानलं नाही. माझा सगळा जन्म बेरजा जुळवण्यात गेला. ही बेरीज कधी जुळली नाही.

महिन्याभरात सुका भडगावला निघाला. तिथे एका मळ्यावर राखणीचं काम मिळालं होतं. निघताना तो नानांच्या पाया पडला. नाना म्हणाले, "शिव्या तरी दे रे." सुका म्हणाला, "शिव्या कशाले, नाना? दिसनं नही तं दिसनं नही सांगी देवानं व्हतं. बस." दिसलं नाही, तर दिसलं नाही असं सांगून टाकायचं होतं. एवढंच बोलून तो गेला. पॅड आडतीच्या माळ्यावर ठेवून गेला. त्यातला कापूस पुढे उंदरांनी नेला.

नानांनी भोंगा सोडला नाही. मला वाटलं होतं सोडतील. पुढच्या वर्षी ते पुन्हा गाडीवर उभे राहिले, पण आता सांगणं निराळं होतं. "चेंडू डावीकडे शे. आते धूळमा गया. माले दिसनं नही." मग गप्प. आम्ही कापडाकडे पाहत ताटकळायचो. "नाना, काहीतरी सांगा," लोक ओरडत. नाना भोंग्यातून म्हणत, "काहीतरी नही सांगाऊ." काहीतरी सांगणार नाही. दुसऱ्या वर्षी शेजारी एक तरुण आपला भोंगा घेऊन उभा राहिला. त्याला सगळं दिसे. खेळाडूंच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसे. एकेक करत माणसं त्याच्या गाडीकडे सरकली. शेवटी नानांच्या गाडीपुढे वीसेक जण उरले. मी त्यांतला होतो, पण अधूनमधून माझाही कान पलीकडे जाई.

बऱ्याच वर्षांनी शेठजींच्या पेढीवर रेडिओ आला. मुंबईतल्या एका हॉकीच्या सामन्याचं वर्णन इंग्रजीत लागलं होतं. शेठजींचा पुतण्या मराठीत सांगत होता आणि बाजार दाराशी लोटला होता. नाना सगळ्यांच्या मागे बसले होते, पागोटं मांडीवर. गोलकीनं हातचा चेंडू सोडला असं पुतण्या म्हणाला आणि लोक हळहळले, शिव्याही दिल्या. मागून नानांनी विचारलं, "त्या बोलणाऱ्या माणसाला दिसतंय ना रे नीट?" पुतण्या हसून म्हणाला, "नाना, तो काय कनातीवरून पाहतोय?" दारातले जुने लोक हसले. सुकाची गोष्ट त्यांना अजून आठवत होती, तशीच, हसण्यासकट.

पुढे नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. लिलाव सुटला. मी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसे. एके दिवशी मोटारस्टँडवर सुका भेटला. केस पांढरे झालेले, कुणाच्या लग्नाला आला होता. मी त्याला नानांकडे घेऊन गेलो.

नाना बाजेवर बसले होते. "कोण शे?" त्यांनी विचारलं. "मी सुका, नाना."

नानांनी पागोटं चाचपलं. ते मांडीवरच होतं. घरची विचारपूस नाही, काही नाही, इतक्या वर्षांनी त्यांनी पहिला प्रश्न केला, "बाहेरतून मारेल व्हता ना रे?"

"हां नाना. बाहेरतून."

"कितला?"

सुकानं दोन्ही हातांनी अंतर दाखवलं. मग नानांना दिसत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. तो बाजेपाशी खाली बसला. त्यानं नानांचे दोन्ही तळवे हातात घेतले, समोरासमोर धरले आणि हळूहळू दूर केले. तराजूचा काटा थांबावा तसा तो एके ठिकाणी थांबला. दीड हात असेल, थोडा जास्तच. "इतला," तो म्हणाला आणि त्यानं हात काढून घेतले.

नानांनी तळवे तसेच हवेत धरून ठेवले. त्यांचा आवाज आता पार उतरला होता.

"इतला तं दिसाले पाहिजे व्हता, सुका."

"सूर्य व्हता, नाना, समोर."

 सून चहा घेऊन आली. नानांचे हात अजून तसेच होते, मध्ये तेवढंच अंतर ठेवून, आणि कप कुठे द्यावा हे तिला कळेना.