डाव्या टाचेचा आवाज

माझा मामा सिनेमात चालतो, पण पडद्यावर कधी दिसत नाही. चित्रीकरणाच्या वेळी माइक नटांचं बोलणं टिपतो, पावलं बहुधा वाया जातात. ती नंतर एका बंद खोलीत मामा वाजवतो. त्या खोलीच्या जमिनीत चौकोनी कप्पे आहेत. एकात वाळू, एकात खडी, एकात लाकडी फळ्या, एकात फरशी. समोर पडदा असतो. पडद्यावरचा नट जिना उतरायला लागला की मामा जागच्या जागी जिना उतरतो. एकोणीस वर्षांत त्याने चोर चालवले, न्यायाधीश चालवले, कितीतरी नर्स आणि एक राणीसुद्धा.

घरातही त्याचे कान कामावरच असतात. गणितात मी गटांगळी खाल्ली त्या दिवशी मी दार उघडायच्या आतच त्याने आईला सांगून ठेवलं होतं, "आज तिला बोलू नकोस. एकेक पायरी चढतेय." एरवी मी दोन-दोन चढते.

मामाला ऑटिझम आहे हे तो छत्तीस वर्षांचा असताना कळलं. आई त्याची मोठी बहीण. जरा माणसांत मिसळ, असं इतकी वर्षं त्याच्या मागे लागल्याचं आठवून ती रडली. मामाने अहवाल दोनदा वाचला आणि ड्रिल मशीनच्या माहितीपत्रकाच्या फायलीत लावून टाकला. आईने हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, दोन्ही एकाच प्रकारचे कागद आहेत, वस्तू आधीपासून घरात होतीच.

नायिकांची पावलंही तोच वाजवतो, आणि उंच टाचेच्या सँडल त्याच्या मापाच्या मिळत नाहीत. म्हणून नऊ वर्षांपूर्वी तो स्टुडिओच्या मागच्या गल्लीतल्या बूट दुरुस्तीच्या दुकानात गेला. आधीच्या दोन दुकानदारांनी एकमेकांकडे बघून हसून घेतलं होतं. हे दुकान एक बाई चालवायची, वडिलांच्या मागे एकटीच. आई तिला 'बूटवाली' म्हणायची. पुरुषाच्या मापाच्या बुटाला बायकी टाच लावून हवी, हे ऐकून बूटवालीने एवढंच विचारलं, "लाकडावर चालणार की फरशीवर?"

तेव्हापासून दर मंगळवारी तीन ते चार मामा तिच्या दुकानातल्या बुटक्या स्टुलावर बसायचा. ट्यूबलाइटची घरघर तिला सहन होत नाही, म्हणून ती दाराशी उजेडात काम करायची. दोघं फारसं बोलायचे नाहीत. एकदा मामाने तिला त्या अहवालाबद्दल सांगितलं. तिने हातातला खिळा ठोकून पूर्ण केला आणि म्हणाली, मग मलाही तेच असणार. पुढे तिने तपासून घेतलं, तर होतंच. आई मामाला दर महिन्याला विचारायची, पुढे काय? मामा म्हणायचा, पुढे मंगळवार.

मग तो सिनेमा आला. ऑटिझम असलेला नायक, ऑटिझम असलेली नायिका, दोघांचं जमतं, मोडतं, पुन्हा जमतं, वर भरपूर विनोद. पावलं वाजवणारा माणूस 'आतला'च निघाला म्हटल्यावर दिग्दर्शक हरखून गेला आणि त्याने मामाला मत विचारलं. मामाला मत विचारणं म्हणजे विकतचं दुखणं. नायक घाबरला की छताकडे बघून पंखे मोजतो. मामा म्हणाला, पंख्यांकडे बघावं लागत नाही, ते ऐकू येतात. शेवटी नायक तिला गाठायला विमानतळभर धावत सुटतो. मामा म्हणाला, एवढ्या गोंगाटात हा धावणार नाही, आदल्या दिवशी चिठ्ठी देईल. दिग्दर्शकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हा सिनेमा आहे अशी आठवण करून दिली. मामाने तो हात बाजूला केला आणि विमानतळभर धावला. बारा वेळा, जागच्या जागी.

नायिकेची पावलं मात्र त्याने पहिल्या फेरीतच दिली. उजवं पाऊल नेमकं, डावी टाच अर्ध्या श्वासाने उशिरा, मग चवडा किंचित घासून. खोलीबाहेर काचेमागे बसलेल्या रेकॉर्डिस्टने विचारलं, ही चाल आणली कुठून? मामाने खरं ते सांगितलं. बूटवालीचा डावा घोटा लहानपणी मोडला होता.

"तिला विचारलंत का?" रेकॉर्डिस्ट म्हणाला.

मामाने विचारलं नव्हतं. मुळात हे विचारण्यासारखं आहे हेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. लक्षात आलं तेव्हा आवाजांची शेवटची जुळणी होऊन गेली होती आणि सिनेमा शुक्रवारी लागणार होता. तो घरी आला आणि जेवला नाही. कुणाची वस्तू त्याने कधी न विचारता उचललेली नाही, माझं पेनसुद्धा. आणि ही वस्तू तर तिची दुखरी. आईने समजावलं की सांगू नकोस, कोणाला कळतंय. मामा म्हणाला, तिला कळेल. आणि तिचं दुकान बंद झालं, म्हणजे त्याच्यासाठी, तर मंगळवारी तीन वाजता कुठे जायचं हे त्याला माहीत नव्हतं. हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं की आईने ताट झाकून ठेवलं.

त्याने तिला चिठ्ठी दिली: माझी एक चूक झाली आहे, ती सिनेमात आहे, ऐकायला याल का. शनिवारी सकाळच्या खेळाला आम्ही चौघं गेलो. ती दोघं कडेच्या खुर्च्यांवर, आई आणि मी मागच्या रांगेत. गाणी लागली की दोघं कानांत बोळे घालायचे, संपली की काढायचे, तेही एकाच वेळी.

अर्धा तास झाला असेल. नायिका एका रिकाम्या लांबलचक व्हरांड्यातून चालत आली. संगीत थांबलं, फक्त पावलं उरली. बूटवाली ताठ बसली. मग तिने मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि व्हरांडा संपेपर्यंत तिकडेच बघत राहिली.

बाहेर आल्यावर ती पायऱ्यांच्या कडेला थांबली. आई मला ओढत होती, मी बुटाची नाडी बांधायला खाली बसले.

"ती माझी चाल होती."

"हो. न विचारता घेतली. चुकलं माझं."

"पण मी आता तशी वाजत नाही. दिवाळीत..." ती थांबली, मनात मोजलं आणि म्हणाली, "पाच महिन्यांपूर्वी मी डाव्या बुटाच्या टाचेला पाव इंचाचा थर चढवला."

"माहीत आहे. सिनेमात त्याच्या आधीची आहे," मामा म्हणाला. "मला दोन्ही आवडतात."

"म्हणजे काय? मला अंदाज बांधता येत नाहीत. नीट सांगा."

मामाने तिच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे बघत नीट सांगितलं. "तुम्ही ज्या घरात चालता, त्या घरात मला राहायचंय. रोज. फक्त मंगळवारी नाही."

तिने आठ दिवस मागितले. चाल घेतल्याबद्दल तिला राग आला होता का, हे मामाने विचारलं. ती म्हणाली, तेही आठ दिवसांनी सांगेन.

मधल्या मंगळवारी मामा गेला नाही. सातव्या दिवसापासून आईचे डोळे दाराकडे लागले. मामा म्हणाला, आठ म्हणजे उद्या. आठव्या दिवशी संध्याकाळी तो भाजी चिरत होता आणि त्याचा हात थांबला.

"ती येतेय," तो म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. "उजव्या हातात जड काहीतरी आहे. माझे बूट परत आणलेत तिने." तिच्याकडे त्याचे सहा जोड टाच लावायला पडले होते. आईने त्याच्या हातातली सुरी काढून घेतली. पावलं एकेक मजला वर येत होती आणि आम्ही तिघंही स्वयंपाकघरात नुसते उभे होतो.

दार मीच उघडलं. बूटवालीच्या हातात दुकानातलं बुटकं स्टूल होतं.

"मला उंच खुर्चीवर बसवत नाही," ती धापा टाकत म्हणाली. "म्हणून हे इथे लागेल. राग आला होता, चार दिवस. मग गेला. उत्तर हो आहे. ती ट्यूबलाइट आधी बंद करा."

आईने धावत जाऊन बटण दाबलं. अर्धवट अंधारात मामा म्हणाला, त्या विमानतळावर उगाच धावलो, आणि आईला हसू आवरेना.

सिनेमा दोन आठवडे चालला. महिन्याभराने ह्या दोघांच्या लग्नाची नोंदणी झाली आणि बूटवाली माझी मामी झाली. घरात स्टूल सरकवताना कर्र वाजतं म्हणून मामीने त्याच्या चारही पायांना चामड्याच्या चकत्या चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी मामाने तिला विचारून त्यातली एक काढून टाकली. ती कधी बसली, कधी उठली, हे त्याला आतल्या खोलीत कळायला हवं होतं.